शिकलो खरे, पण विचारले का?

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात दुसऱ्या दिवशी सायंकाळी, कीर्तनापूर्वी झालेले भाषण. वक्ते आपल्या गावचेच असून पिंपरी येथील एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आहेत. – संपादक)



समितीने मला सांगितले की, तुम्ही शिक्षणावर चार शब्द बोला. मी म्हटले, अहो, मी काही विद्वान नव्हे. आयटीआयचा फिटर. हातात कानस धरून आयुष्य गेले. त्यावर समितीतील मंडळी म्हणाली, म्हणूनच बोला. तेव्हा देवाच्या दारी उभा राहून जे अनुभवले तेवढेच सांगतो. काही कमी-अधिक बोललो तर पदरात घ्या.

माझ्या लहानपणी आपल्या गावात पोस्टमनने पत्र आणले की ते वाचून दाखविण्यासाठी गुरुजींना शोधावे लागे. तार आली तर वाचण्यापूर्वीच बाया रडू लागत. आज घरोघरी डिप्लोमा, डिग्री आहे. आपल्या मुली इंजिनिअर झाल्या, नर्स झाल्या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी भरत गेले आणि १९९० नंतर ती लाट चाकणपर्यंत पोहोचली. जेथे कांदा आणि बाजरी होती तेथे मोटारी तयार होऊ लागल्या. या साऱ्यात ज्याच्यापाशी शिक्षण होते तो तरला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा शिक्षणाची निंदा करण्यासाठी मी उभा नाही. ज्याला कोणाला शाळा सोडायची असेल त्याने माझ्या भाषणाचा आधार घेऊ नये!

परंतु एक गोष्ट मनाला लागते. शिक्षण वाढले तसे शहाणपण वाढले काय? प्रथम माझीच गोष्ट सांगतो. दुसऱ्याची सांगितली तर तो रागावेल, आणि माझ्याजवळ माझी पुरेशी आहे.

आमची निम्मी जमीन संपादनात गेली. मोबदल्याचा चेक आला. एवढी रक्कम आमच्या सात पिढ्यांत कोणी एकत्र पाहिली नव्हती. वडील निरक्षर. अंगठा उठवून त्यांनी चेक घेतला आणि माझ्या हाती दिला, कारण मी शिकलेला. त्याच सुमारास एक गृहस्थ गावात येऊ लागले. पांढरे कपडे, चामड्याची बॅग, गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक. तीन वर्षांत पैसे दुप्पट. मी माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वडील ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "का रं, त्यो दुप्पट करणार कशातनं? पेरणार काय त्यो?"

मी हसलो. म्हटले, "दादा, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही. हे फायनान्सचं काम आहे."

मंडळी, पुढे काय झाले ते सांगावयास नको. एक लाख रुपये गेले. तो गृहस्थ गेला, बॅग गेली, माहितीपत्रक तेवढे माझ्या पेटीत राहिले. ते मी अजून ठेवले आहे.

आता गंमत पहा. चक्रवाढ व्याज मी शाळेत शिकलो होतो. त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील हे पाहण्याचा एक सोपा हिशेब आहे. बहात्तरला व्याजाच्या दराने भागावे. बारा टक्के दर असेल तर सहा वर्षे लागतात. म्हणजे तीन वर्षांत दुप्पट करायचे तर दर चोवीस टक्क्यांच्या आसपास हवा. बँका त्या काळी त्याच्या निम्मेच देत होत्या. मग हा माणूस चोवीस टक्के देणार, शिवाय स्वतः जगणार, तर असा कोणता धंदा करणार? हा प्रश्न माझ्या शाळेच्या गणितातच होता. परंतु तो मला सुचला नाही. ज्यांना गणित येत नव्हते त्या माझ्या वडिलांना सुचला. मला उत्तर काढता येत होते, त्यांना प्रश्न विचारता येत होता. आणि मी त्यांना गप्प बसविले. पैसे गेले त्याचे दुःख ओसरले. ते हसणे मात्र मला अजून बोचते. वडील असेतोपर्यंत त्यांनी त्याचा एकदाही उच्चार केला नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे आरंभीच सांगितली आहेत. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांनी पढतमूर्खाची लक्षणे वेगळी सांगितली. म्हणजे वाचून मूर्ख राहिलेला माणूस ही निराळी जात आहे, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राला ठाऊक होते. ती लक्षणे वाचताना मला दोन-चार ठिकाणी माझेच नाव दिसले.

लोक म्हणतात, हल्ली अक्कल दुर्मिळ झाली. मला तसे वाटत नाही. अक्कल गावात भरपूर आहे. ज्याचा हात रोज त्या कामात असतो त्याच्यापाशी ती असते. दुर्मिळ झाले आहेत ते तिला विचारणारे. आपण शिकलो आणि ज्याच्यापाशी कागद नाही त्याला विचारावयाचे सोडून दिले. दुखणे आहे ते इथे.

आपल्या महाराष्ट्रात दोन विद्यापीठे अशी आहेत की ज्यांना निरक्षर माणसांची नावे आहेत. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. पुढे त्याला संत गाडगे बाबांचे नाव दिले. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. या दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. आणि आज पदवीच्या कागदावर त्यांची नावे छापून येतात!

गाडगे महाराजांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातला. ते १९५६ साली गेले. गावात आले की ते आधी खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाची रीत आपल्यातल्या वृद्ध मंडळींनी त्यांच्या वडिलांकडून ऐकली असेल. ते व्याख्यान देत नसत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत. साधे, शेतकऱ्याच्या घरातले प्रश्न. कर्ज काढून लग्न केले तर पुढे कोण फेडणार? नवसाला बकरे कापले तर ते पोचते कोणाला? उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत, म्हणून ते श्रोत्यांच्या मनात राही. लाखो रुपये त्यांच्या हातून गेले. त्यांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. कारण त्यांनी पाहिले की यात्रेला आलेल्या गरिबाला देव भेटतो, पण रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही. आणि हेच निरक्षर महाराज घरोघरी सांगत की, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शाळेत घाला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या पाठीशी ते उभे राहिले. कऱ्हाडच्या कॉलेजला १९५४ साली त्यांचे नाव दिले गेले ते त्यामुळेच.

बहिणाबाई खानदेशातल्या. १८८० साली जन्मल्या, १९५१ साली गेल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, शेती आणि संसार एकटीने ओढला. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांना ओव्या सुचत. माणूस, माती, पीक, पाणी यांबद्दलचे त्यांचे शहाणपण आज शाळेच्या पुस्तकात आहे. परंतु इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एका आप्ताने टिपून ठेवल्या. सोपानदेव शिकलेले, स्वतः कवी. आईच्या पश्चात त्यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखविल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. सोपानदेव शिकले नसते तर ते सारे त्या माउलीबरोबर गेले असते. आणि शिकूनही त्यांनी, "आईला काय कळते," असे म्हटले असते, तरीही गेले असते. त्यांनी माझ्यासारखे हसून सोडून दिले नाही. कागद-पेन्सिल घेऊन आईजवळ बसले. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आता कारखान्यातले सांगतो. आपल्यातली निम्मी तरुण मंडळी चाकणला कामाला आहेत, त्यांना हे माहीत आहे. जपानच्या टोयोटा कारखान्यातील ताइची ओनो यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. काही बिघडले की पाच वेळा 'का' विचारायचे. मशीन बंद पडले. का? फ्यूज उडाला. का? भार जास्त झाला. का? बेअरिंगला तेल पोचले नाही. का? पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला, कारण जाळी नसल्यामुळे लोखंडाचा कीस आत गेला. पहिल्याच 'का'ला थांबून नुसता फ्यूज बदलला तर तो उद्या पुन्हा उडणार. आमच्याकडे साहेब लोक हे परदेशातून शिकून आले आणि आम्हांस इंग्रजी नावाने शिकवू लागले. मी मनात म्हटले, हे तर घरातले चार वर्षांचे पोर आपल्याला रोज विचारते. आपणच त्याला, "गप्प बस," म्हणतो!

ही पद्धत आपल्या मंदिराला कशी लागू पडली, हे देणगीदारांनी मुद्दाम ऐकावे, कारण तुमच्याच पैशाचा हा प्रश्न होता.

आपल्या मंदिराच्या पूर्वेच्या भिंतीला वर्षानुवर्षे ओल होती. पुरुषभर उंचीपर्यंत रंग फुगायचा, चुना गळून पडायचा. समिती बसली. आम्ही शिकलेली माणसे एकत्र आलो. कोणी म्हणाले, सिमेंटचा जाड गिलावा करा. कोणी म्हणाले, संगमरवर लावून भिंत झाकून टाका. एका कंत्राटदाराने वॉटरप्रूफिंगचा काही लाखांचा अंदाज दिला. तो जवळजवळ मंजूर झाला होता, हे आज कबूल करतो. सही करणाऱ्यांत मीही होतो.

त्या वेळी मंदिर झाडणाऱ्या आजी बाहेर पायरीशी बसल्या होत्या. चाळीस वर्षे रोज पहाटे त्यांनी हे देऊळ झाडले आहे. बैठक संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "बाबा, वरनं न्हाई गळत ते. पाणी रस्त्याकडनं येतंय. पैल्यांदा पाच पायऱ्या व्हत्या, आता तीनच ऱ्हायल्यात. दोन कुटं गेल्या, इचारा की कुनाला तरी."

मंडळी, मी जागच्या जागी उभा राहिलो. त्या पाच पायऱ्यांवर मी लहानपणी गोट्या खेळलो आहे. रोज दर्शनाला येतो. दोन पायऱ्या गेल्या हे मला दिसले नव्हते! मग आम्ही पाच वेळा 'का' विचारले. भिंत ओली का? कारण पाणी जोत्याशी साचते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी ओल दगड-चुन्यातून वर चढते. पाणी साचते का? कारण रस्ता मंदिराच्या अंगणापेक्षा उंच झाला. उंच झाला का? कारण दर वेळी जुना थर न खरवडता त्यावरच डांबर टाकले, पुढे डांबरावर काँक्रीट. खरवडले का नाही? कारण कोणी सांगितले नाही. सांगितले का नाही? कारण कोणी पाहिले नाही. जिने पाहिले तिला कोणी विचारले नाही.

संगमरवर लावला असता तर ओल आत कोंडून भिंत आणखी वर भिजली असती आणि चार पावसाळ्यांनी तुमच्या देणगीची फरशी तुमच्याच अंगावर पडली असती.

आता दुसरी बाजू ऐका. आजींनी पाणी कुठून येते ते दाखविले. पण ते न्यायचे कुठे आणि किती उताराने, हे त्या सांगू शकत नव्हत्या. तेथे आपल्या गावचा तरुण इंजिनिअर पुढे झाला. त्याने पाण्याची पारदर्शक नळी लावून अंगण, रस्ता आणि ओढा यांच्या पातळ्या घेतल्या. शंभर फुटांना एक फूट उतार धरला, म्हणजे चाळीस फुटांच्या भिंतीलगत साधारण पाच इंच. चर खणला, खडी भरली, पाणी ओढ्याकडे काढून दिले. मग एक पावसाळा आम्ही भिंतीला हातच लावला नाही, ती वाळू दिली. त्यानंतर चुन्याचा गिलावा केला. कंत्राटदाराच्या अंदाजापेक्षा फार थोड्या खर्चात काम झाले. उरलेल्या पैशांतून भक्तनिवासाच्या दोन खोल्या उभ्या आहेत. आज भिंतीला हात लावून पहा, कोरडी आहे. आजींनी दाखविले, त्या मुलाने मोजले. दोघांपैकी एक जरी नसता तरी हे झाले नसते.

म्हातारी माणसे सांगतात ते सारेच खरे, असेही मी म्हणणार नाही. पूर्वी साप चावला की माणसाला दवाखान्यात न नेता देवळात आणून बसवीत. त्यात माणसे गेली. सापाच्या विषावर औषध दवाखान्यातच आहे. देवाचा अंगारा लावायचा तर गाडीत बसून लावा, पण गाडी थांबवू नका.

आणखी एक गोष्ट, आणि ही फार गंभीर आहे. जुने लोक पेव उघडले की लगेच आत उतरत नसत. बंद विहिरीत उतरण्यापूर्वी दोराने कंदील खाली सोडीत. कंदील विझला तर खाली हवा वाईट आहे असे समजत. तो अनुभवाचा धडा होता आणि त्याने प्राण वाचविले. परंतु आज आपल्या गावात काय आहे? कंपनीतल्या मुलांना भाड्याने देण्यासाठी आपण खोल्या बांधल्या, आणि प्रत्येक चाळीमागे मैल्याची टाकी आहे. तेथे कंदिलाचा धडा चालत नाही. त्या टाकीत पेट घेणारा वायू असतो. ज्योत नेली तर भडका उडेल. आणि दुसरा एक विषारी वायू असा आहे की तो जास्त झाला म्हणजे नाकाला वासच येईनासा होतो. माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. आणि तो खाली कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. एकामागून एक जातात. हे शाळेतल्या रसायनशास्त्रानेच कळते. २०१३ च्या कायद्याने अशा टाकीत साधनांशिवाय माणूस उतरविणे हा गुन्हा आहे. मी आज देवासमोर घरमालकांना हात जोडून सांगतो, टाकी उपसायला यंत्राची गाडी बोलवा. हजार-दोन हजार वाचविण्यासाठी कोणाचा मुलगा खाली उतरवू नका. तो मुलगा मराठवाड्यातला असो की बिहारमधला, त्याचीही आई कुठेतरी वाट पाहत आहे.

म्हणजे सांगायचे काय, तर शहाणपणाला शाळा पाहिजे आणि शाळेला शहाणपण पाहिजे. कळते पण वळत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. मला वाटते, वळत नाही, कारण आपण थांबून विचारीत नाही.

शेवटी तीन विनंत्या करतो. पहिली, मंदिर समितीत एक जागा कायमची अशा माणसासाठी ठेवा की जो मंदिरात हाताने काम करतो, मग तो शिकलेला असो वा नसो. पहिला मान झाडणाऱ्या आजींचा. त्यांचे नाव देणगीदारांच्या शिळेवर नाही, कारण त्यांनी पैसे दिले नाहीत. परंतु त्यांनी जेवढे वाचविले तेवढे आमच्यापैकी पुष्कळांनी दिलेही नाही. दुसरी, जमाखर्चाचा कागद दर वर्षी यात्रेपूर्वी सभामंडपात लावा आणि त्याखाली प्रश्न लिहायला फळा ठेवा. शाळकरी मुलाने प्रश्न लिहिला तरी त्याला उत्तर मिळाले पाहिजे. तिसरी विनंती तरुणांना. पैशाचा, जमिनीचा, लग्नाचा मोठा निर्णय घ्याल त्याच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाजवळ बसा, त्याला सारे समजावून सांगा आणि तो काय विचारतो ते ऐका. त्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही. पण हसू नका. एवढे मी स्वतःच्या एक लाख रुपयांच्या अनुभवावरून सांगतो.

 बुवा कीर्तनासाठी केव्हाचे तयार आहेत, मी त्यांचा वेळ घेतला. जाता जाता प्रत्येकाने त्या पायऱ्या मोजून जा. रस्त्याची कड खोदून दोन्ही पायऱ्या पुन्हा उघड्या केल्या आहेत. आता त्या पाच आहेत.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!